धार बघायची मेंढी

माझ्या सासूबाईंचं कौतुक करायचं म्हणजे मला आधी घसा साफ करून घ्यावा लागतो. पहिली पाच-सहा वर्षं आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. त्यांनी घासलेलं पातेलं मी पुन्हा घासायची आणि मी घातलेली चादरीची घडी त्या मोडून पुन्हा घालायच्या. तेव्हा हे काही तोंडदेखलं कौतुक नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. माझ्याकडून ते नाइलाजाने निघालेलं आहे.

सासूबाईंचा धंदा मेंढ्यांची खुरं तासण्याचा. मेंढीचं खूर आपल्या नखासारखं सतत वाढत असतं. दगडाधोंड्यावर चालून झिजलं तर ठीक, नाहीतर कडा आत वळतात, त्यात चिखल बसतो आणि जनावर लंगडायला लागतं. आमच्याकडे टेकडीच्या वरच्या अंगाला एक मोठं सामाईक कुरण आहे. त्यावर अकरा कळप चरतात आणि अकराही कळपांची खुरं वर्षातून दोनदा सासूबाईंच्या हाताखालून जायची. सगळे त्यांना 'नखवाली' म्हणायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा होणारी सासू काय करते हे माझ्या शिंपी वडिलांना कसं सांगायचं, या काळजीने मी अर्धी झाले होते. शेवटी सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्यातलीच की! कापायचं काम. हात स्थिर पाहिजे, बस."

हात स्थिर होता यात वादच नाही. साठ किलोची मेंढी चारी पाय रोवून उभी असायची आणि या बाईचं स्वतःचं वजन पंचेचाळीस. एका हाताने मेंढीची हनुवटी मागे वळवायची, दुसरा हात तिच्या मागच्या मांडीवर, गुडघ्याचा जरासा रेटा, की मेंढी सासूबाईंच्या दोन पायांमध्ये ढुंगणावर बसलेली, आरामखुर्चीतल्या पेन्शनरासारखी. मग कमरेची वाकडी सुरी निघायची. चार पाय, आठ नखं, अडीच मिनिटं, आणि रक्ताचा एक थेंब नाही. तासलेल्या कपच्या पायाशी पडत राहायच्या. मेंढी उठून चालायला लागली की सासूबाई तिच्या चालीकडे मान कलती करून बघायच्या. ती चाल मनासारखी असली तरच पुढची मेंढी.

आणि त्यांचं नाक! त्याची तर ख्यातीच होती. मेंढ्यांमध्ये खुरं कुजायचा एक रोग असतो. दोन नखांच्या मधली कातडी आधी लाल आणि ओली होते, मग खुराचं टणक कवच आतून सुटत जातं, खाली राखाडी चिकट घाण साचते आणि जनावर पाय टेकेनासं होतं. दोन्ही पुढच्या पायांना झाला तर मेंढी गुडघ्यांवर रांगत चरते. ते बघवत नाही. या रोगाला एक वास असतो, आणि सासूबाई फाटकाशी उभ्या राहून, आत पाऊलही न टाकता सांगायच्या, "पाणवठ्यापाशी ती काळ्या तोंडाची उभी आहे ना, तिचा पाय उचला." पाय उचलला की तिथे रोग असायचाच. लोक तोंडात बोटं घालायचे. कुणाच्या कळपात काही बिनसलं की म्हणायचे, "नखवालीच्या नाकाला विचारा."

त्यांच्या कामाची एक रीत होती. सकाळी निघण्याआधी त्या परसातल्या दगडावर सुरीला धार लावायच्या आणि ती धार आमच्या म्हातारीवर बघायच्या. म्हातारी म्हणजे घरची मेंढी. अकरा वर्षांची, दात पडलेली, आई मेल्यावर सासूबाईंनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. ती सासूबाईंचा आवाज ऐकला की कण्हल्यासारखं ओरडायची आणि स्वतःहून मागचा डावा पाय उचलून द्यायची. सासूबाई त्या खुराची एक पातळ कपची काढायच्या. कपची न तुटता, कांद्याच्या पापुद्र्यासारखी अख्खी निघाली की धार पास. मग पत्र्याच्या डबीत तेलात भिजवलेला लोकरीचा बोळा असायचा, त्यावर सुरी पुसायची आणि डबी-सुरी पिशवीत टाकून निघायचं. कामातही प्रत्येक मेंढीनंतर त्याच बोळ्यावर पुसायचं. पाणी मात्र त्या सुरीला कधी लागलं नाही. "पाणी लागलं की पोलाद मेलं," असं त्या म्हणायच्या. ही रीत त्यांच्या वडिलांची होती आणि आमच्या घरात तिला कुणी बोट लावू शकत नव्हतं.

म्हातारी थोडी लंगडायची. वयाने, असं सगळे म्हणायचे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा परसात गेले आणि नाकाला पदर लावला. सासूबाई धार लावत होत्या. मी सरळ विचारलं, "आई, इथे काहीतरी कुजलंय का?"

त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "शहरातनं आलीयेस ना, म्हणून. मेंढीला मेंढीचा वास येणार बाई, अत्तराचा नाही."

आमचे हे हसले. शेजारची बाई कुंपणावरून हसली. ते हसणं मी मनात जपून ठेवलं, कारण मी असल्या गोष्टी विसरत नाही. पण महिनाभरात मलाही तो वास येईनासा झाला. फक्त माहेरी आठ-दहा दिवस राहून परत आले की पहिला अर्धा दिवस यायचा, भिजवून विसरलेल्या फडक्यासारखा, आणि मग जायचा. पुन्हा बोलायची सोय नव्हती. नखवालीच्या परसात वास येतो म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कळत नाही म्हणण्यासारखं.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग ते ओलं वर्ष आलं. आठ आठवडे जमीन वाळली म्हणून नाही. कुरणावर पाऊल टाकलं की बुटाभोवती पाणी जमायचं. आधी पुलावरच्यांच्या कळपात तीन मेंढ्या लंगडल्या, मग जुळ्या भावांच्या, मग टोपीवाल्याच्या, आणि महिन्याभरात अकरापैकी सात कळपांत मेंढ्या गुडघ्यांवर रांगायला लागल्या. कोकरांना दूध पुरेना. रोग आला कुठून याचा सगळीकडे एकच विषय. आणि बोट दाखवायला एक माणूस अगदी हाताशी होता.

तो म्हणजे दाढीवाले मामा. सत्तरीचे, एकटे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साठ मेंढ्या, तीन खोल्यांचं घर आणि एक बहिरा कुत्रा. त्यांनी त्याच मोसमात लांबच्या बाजारातून दोन नर आणले होते. बाहेरची जनावरं आणली, रोग आणला, हिशेब सरळ. तरी लोक अडखळत होते, कारण मामांशी कुणाचं कधी वाकडं नव्हतं. तेव्हा बाकीच्या सहा कळपवाल्यांनी ठरवलं, नखवालीला नेऊ.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते, पिशवी धरायला. सासूबाई मामांच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, नाकाने हवा आत घेतली. मागे ते सहा जण उभे होते. मामा आत कुंपणाला टेकून उभे होते. त्यांच्याही नऊ मेंढ्या लंगडत होत्या, मोरचुदाच्या निळ्या पाण्यात त्यांचे पाय बुडवून बुडवून मामांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

"इथलाच," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त इथेच आहे. इथनंच गेलाय."

मामांनी वाद घातला नाही. उलट मान हलवली. "ताई, तुमचं नाक कधी चुकलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. मला म्हाताऱ्याला कळलं नसेल."

मला त्यांचा राग आला. माणसाने इतकं गरीब असू नये असं वाटलं. जुळ्या भावांतला मोठा मेंढपाळांच्या संघाचा अध्यक्ष होता. त्याने तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या आठवड्याच्या रविवारी बैठक, आणि मामांचा कळप सामाईक कुरणावरून कायमचा काढायचा ठराव. मामांकडे स्वतःचं वीतभरही रान नव्हतं. कुरण गेलं की कळप विकायचा, आणि कळप विकला की मामा, ते तीन खोल्यांचं घर आणि बहिरा कुत्रा. परत येताना सासूबाई माझ्या पुढे झपझप चालत होत्या. मामा त्यांच्या लग्नाआधीपासूनचे ओळखीचे होते. त्यांच्या वडिलांनी खुरं तासायला घेतलेला पहिला कळप मामांच्या वडिलांचा होता.

दुसऱ्याच दिवशी मला माहेरी जावं लागलं. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठ दिवसांनी, बैठकीच्या आधीच्या बुधवारी परत आले. परसदाराने आत शिरले आणि तो वास असा नाकावर आला की मी जागीच थांबले. नेहमीपेक्षा तिप्पट. ओल्या हवेने असेल, म्हणून मी घरात गेले.

आत जनावरांची डॉक्टर बसली होती. नवी मुलगी, तीन महिन्यांपूर्वी आलेली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून हिंडायची म्हणून लोक तिला हसायचे. सासूबाई घरी नव्हत्या. मी चहा टाकला. ती म्हणाली, "मी मामांच्या त्या दोन नरांचे पाय तपासून आलेय. काचेसारखे स्वच्छ आहेत. रोग त्यांनी आणलेला नाही."

"मग कुठून आला?"

"तेच तर कळत नाही. हा जंतू पायाशिवाय जगत नाही हो. मातीत पडला तर आठ-दहा दिवसांत मरतो, फार तर पंधरा. म्हणजे कुठल्या तरी पायातच तो वर्षानुवर्षं मुरून बसलेला असणार. कोरड्या वर्षी गप्प बसतो, ओल्या वर्षी पसरतो. पण एकाच वेळी सात कळपांत जायला त्याला वाहन लागतं. आणि आत शिरल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी जनावर लंगडतं. त्याच्या आधी या सगळ्यांकडे कोण गेलं होतं, ते शोधायला हवं."

ती बोलत होती आणि तिच्या डोक्यामागे भिंतीवर माझं कॅलेंडर लटकत होतं. फोन मी घेते. कुणी नखवालीला कधी बोलावलं ते लाल पेनाने लिहिते आणि कुणी "आमच्या लंगडतायत हो" म्हणून फोन केला की तेही त्या तारखेला लिहिते. पुलावरचे, तीन तारीख. पुलावरचे लंगडतात, चौदा. जुळे, सहा. जुळे लंगडतात, सतरा. टोपीवाला, नऊ आणि वीस. माझा चहा उतू गेला.

खोटं कशाला बोलू? मला आधी आनंद झाला. इतकी वर्षं जपलेलं ते हसणं आठवलं आणि वाटलं, बघा, शहरातली म्हणे! तो आनंद किती वेळ टिकला? गॅस पुसून होईपर्यंत. मग मामांचे निळे हात आठवले. डॉक्टरला मी काही बोलले नाही. घरची गोष्ट आधी घरात बोलायची, एवढं मला कळतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी कॅलेंडर दोनदा बघितलं आणि चेहरा उतरला. "हे बघ," म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता औषधपाणी होईल, रोग जाईल. आईचं नाव चाळीस वर्षांचं आहे. ते गेलं तर ती जगेल का?"

"आणि मामा?"

"मामांसाठी दुसरं काहीतरी बघू." माझ्या नवऱ्याचं 'दुसरं काहीतरी बघू' मला चांगलं माहीत आहे. गळक्या नळाला तो तीन वर्षं दुसरं काहीतरी बघतो आहे.

गुरुवारी सकाळी सासूबाई दगडावर सुरी घासत होत्या. म्हातारीने पाय उचलून तयारच ठेवला होता. मी कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर धरलं आणि डॉक्टर जे बोलली ते सगळं सांगितलं. वाटलं, आता सुरी माझ्यावरच चालणार.

"माझी सुरी?" त्या म्हणाल्या. "प्रत्येक जनावरानंतर पुसते मी. हा बोळा बघ."

त्यांनी डबी उघडून दाखवली आणि दाखवता दाखवता स्वतःच त्यात बघत राहिल्या. काळपट तेल, कुजकट लोकर, आत खुरांचे बारीक कण. चाळीस वर्षं सुरी त्यावर पुसली जात होती. बोळा नवा घातला तरी डबी तीच आणि तेलावर तेल. त्यांनी डबी हळूच बंद केली.

मग त्यांनी मला विचारलं, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू इथे काय म्हणाली होतीस गं?"

म्हणजे त्याही विसरल्या नव्हत्या! मी म्हणाले, "वास येतो म्हणाले होते."

"आता येतो?"

"येतो. काल आले तेव्हापासून. खूप येतो."

त्यांनी म्हातारीचा उचललेला पाय हातात घेतला, तोंडाजवळ आणला आणि डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. ज्या नाकाने शंभर पावलांवरची मेंढी ओळखली ते नाक त्या खुराला टेकलं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा म्हाताऱ्या बाईचा दिसला.

"मला काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "तिचाच वास येतो. रोजचा." मग पाय माझ्यासमोर धरला. "तू बघ."

मी वाकले. शंका घ्यायला जागाच नव्हती. मी नुसती मान हलवली. सासूबाईंनी सुरीचं टोक कवचाच्या कडेखाली घातलं, जरासं उचललं, आणि आतून ती राखाडी घाण दिसली. थोडीशीच, खोलवर, जुनी. आमचं परस फरशीचं आणि कोरडं, म्हणून तिथे तिने कुणाला काही केलं नाही. पण दर सकाळी त्याच खुरावर धार बघून ती सुरी सगळ्या टेकडीवर फिरत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दुपारी डॉक्टर येऊन बघून गेली आणि तिचंही तेच मत पडलं. निघताना तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आजीबाईंना सांभाळा." मी म्हटलं, त्यांना सांभाळणारा अजून जन्माला यायचाय.

ते तीन दिवस सासूबाई कुणाशी बोलल्या नाहीत. ह्यांनी परोपरीने समजावलं. बैठकीला जाऊच नको म्हणाले, ताप आलाय म्हणून सांगतो म्हणाले. त्यांनी फक्त एकदा उत्तर दिलं, "तू लहानपणी वर्गातल्या मुलाचं पेन घेऊन आलास तेव्हा मी तुला काय करायला लावलं होतं?" ह्यांनी मग विषय काढला नाही.

रविवारी संघाच्या खोलीत लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. एका कोपऱ्यात लोकर तोलायचा काटा, भिंतीला लसीचं जुनं पोस्टर. बायका आम्ही दोघीच आणि मागे डॉक्टर. मामा शेवटच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. दाढी विंचरून आले होते. अध्यक्षाने ठराव वाचायला कागद उचलला आणि सासूबाई उभ्या राहिल्या.

"तो कागद खाली ठेव," त्या म्हणाल्या. "रोग मामांनी आणला नाही. मी आणला." आणि पिशवीतून सुरी आणि डबी काढून टेबलावर ठेवली. म्हातारीचं सांगितलं, धार बघायचं सांगितलं, बोळ्याचं सांगितलं. आडपडदा नाही, रडणं नाही, धापा टाकत टाकत पण सगळं.

मला वाटलं होतं लोक खवळतील. झालं भलतंच. अध्यक्ष हसला. मायेने हसला. "काकू," म्हणाला, "मामांवर तुमची माया आहे, आम्हाला काय माहीत नाही? त्यांना वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय. तुमच्या हातून रोग? उद्या सांगाल सूर्य आमच्या परसातनं उगवतो!" सगळे हसले. टोपीवाला म्हणाला, "असं मन पाहिजे बघा." आणि मामा स्वतः उठून हात जोडून म्हणाले, "ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नका."

चाळीस वर्षांत कमावलेलं नावच त्यांच्या आडवं आलं. त्या खोलीत कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, कारण सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. आणि खरं सांगते, तेव्हा सुटका समोर होती. खाली बसल्या असत्या तर जास्तच मोठ्या होऊन घरी गेल्या असत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "कॅलेंडर वाच."

मी उभी राहिले. माझा आवाज फुटेना. "मोठ्याने," त्या म्हणाल्या. "घरात तर आवाज बराच असतो तुझा."

मी वाचलं. पुलावरचे, नखवाली आली तीन तारखेला. लंगडल्या चौदाला. पुलावरच्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. जुळे, सहा आणि सतरा. अध्यक्षाच्या हातातला कागद खाली आला. टोपीवाला, नऊ आणि वीस. एकेका माणसाची तारीख आली की तो माणूस मनात मोजायला लागायचा, मला दिसत होतं. ज्या चार कळपांत रोग नव्हता त्यांनी त्या मोसमात अजून बोलावलंच नव्हतं. शेवटी मी मामांची तारीख वाचली. तेवीस, आणि चार. म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. नर तर त्यांनी त्याच्याही नंतर आणले होते, आणि आणल्या दिवसापासून वेगळे बांधले होते. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग आवाज झाला. पुलावरचा उठला आणि काय काय बोलला. त्याची सोळा कोकरं गेली होती, त्याला बोलायचा हक्क होता. "घरची मेंढी सडलेली आणि आम्हाला नाक शिकवत हिंडत होती!" असंही म्हणाला. सासूबाई उभ्याच होत्या. प्रत्येक वाक्याला म्हणत होत्या, "हो. बरोबर आहे तुझं." त्याचं बोलणं संपेपर्यंत बसल्या नाहीत. मी सुनेच्या जातीची, सासूची जिरलेली बघायला मला आवडायला हवं होतं. पण माझे डोळे भरून आले होते आणि मला पुलावरच्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं. इतकी सरळ बाई मी पाहिली नव्हती आणि ती माझ्या घरात राहत होती.

शेवटी त्या मामांसमोर जाऊन थांबल्या. "मामा, चुकलं माझं. फाटकावर सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते."

मामांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. ठराव तिथेच राहिला. सुरी आणि डबी सासूबाई टेबलावरच सोडून आल्या.

म्हातारीला ठेवणं शक्य नव्हतं. औषध देऊन बघू का, असं डॉक्टरने विचारलं, पण अकरा वर्षांच्या मेंढीत मुरलेला जंतू जाईल याची खात्री तिलाही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "नको, मी धरते." डॉक्टरने शेवटची सुई दिली तेव्हा म्हातारीने सवयीने मागचा डावा पाय उचलून दिला होता. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून रडल्या. मी शेजारी बसले. पहिल्यांदाच आम्ही दोघी न भांडता एवढा वेळ एका खोलीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक कळपात गेल्या. हातात सुरी नव्हती, बादली होती. डॉक्टर सांगेल तसं. आजारी मेंढ्या वेगळ्या काढायच्या, पायावर औषध फवारायचं, इंजेक्शनला जनावर धरून द्यायचं, कुरणाचा एकेक तुकडा पंधरा-पंधरा दिवस मोकळा ठेवायचा. त्यात डॉक्टरने आणखी एक सांगितलं, की या रोगात खूर तासूच नये, तासल्याने जखम लवकर भरत नाही आणि घाण पसरते. म्हणजे त्यांच्या हातातली कलाच नको ठरली. बासष्टाव्या वर्षी त्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरकडून पहिलीपासून शिकल्या. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. पुलावरच्याने पहिल्या दिवशी फाटक उघडलं नाही, तर फाटकाबाहेर बादली घेऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्याने उघडलं.

मोसम संपेपर्यंत टेकडीवर एकही मेंढी गुडघ्यांवर चरत नव्हती. पण नखवालीला मात्र कुणी बोलावलं नाही. वर्षभर माझ्या कॅलेंडरवर लाल पेन लागलं नाही. सासूबाई मी घातलेल्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या, तेवढंच.

मग जमीन वाळल्यावर एका सकाळी फोन वाजला. दाढीवाले मामा. "ताईंना विचार," म्हणाले, "माझ्या मेंढ्यांची नखं फार वाढलीत. रोग नाही, नुसती वाढलीत. येतील का?"

आम्ही दोघी गेलो. फाटकाबाहेर मामांनी औषधाच्या पाण्याची बादली आणि धुतलेला टॉवेल ठेवला होता. सासूबाईंनी बुटांसकट पाय बुडवले. मग फाटकाला हात न लावता माझ्याकडे वळल्या. ज्यांनी फाटकाशी उभं राहून कधी कुणाला काही विचारलं नव्हतं त्यांनी मला विचारलं, "येतोय का गं?"

मी खोल श्वास घेतला. ओल्या लोकरीचा होता, गवताचा होता, बहिऱ्या कुत्र्याचा होता. "नाही आई," मी म्हणाले. "काही नाही."

मामा आतून एक पांढरं फडकं घेऊन आले. त्यात ती वाकडी सुरी होती. बैठकीच्या टेबलावरून त्यांनी उचलून नेली होती आणि वर्षभर ठेवली होती. "उकळलीय," ते म्हणाले. "आज सकाळी तीनदा. आणि दोन नव्या आणल्यात, म्हणजे एक वापरताना एक औषधात राहील."

सासूबाईंनी सुरी उलटसुलट करून पाहिली. "तीनदा उकळून धारेचं वाटोळं केलंत मामा," त्या म्हणाल्या. कुंपणाच्या दगडावर त्यांनी सुरी बराच वेळ घासली. मामांनी पुढारी मेंढी आणून उभी केली आणि तिचा पाय त्यांच्यापुढे धरला, धार बघायला. सासूबाईंनी तो पाय हलकेच खाली ठेवला. मग स्वतःचा डावा अंगठा पुढे केला आणि त्या नखाची एक पातळ कपची काढली. ती न तुटता निघाली. त्यांनी सुरी औषधाच्या पाण्यात बुडवली, बाहेर काढली आणि कामाला लागल्या.